नळाची मूठ

काका तिला ‘फिटर’ म्हणायला लागले ते चिडवायलाच. पोरीने अर्धा वेळ वर्गात आणि अर्धा वेळ वर्कशॉपात घालवायची डिग्री निवडली, तेव्हा त्यांनी असं नाक मुरडलं होतं की विचारू नका. ‘‘पान्हे-पकडी चालवायला कॉलेज कशाला लागतं गं?’’ बाप गेल्यापासून तिला आणि तिच्या आईला काकांनीच सांभाळलेलं, त्यामुळे ते बोलायचे आणि तीही ऐकून घ्यायची.

पण झालं काय, की बरोबरीची मुलं अजून अर्ज करत बसली होती आणि फिटर थेट इस्पितळाच्या यंत्रविभागात लागली. कॉलेजवाले सांगायचेच, आमच्या मुलांच्या हातांना सवय असते, म्हणून त्यांना नोकऱ्या लागतात. पुढे काकांच्या किडन्यांनी दगा दिला आणि ते नेमके ती सांभाळायची त्याच डायलिसिसच्या मशीनला जोडले गेले. मग काय! ‘‘आमच्या फिटरचं मशीन आहे हे,’’ असं ते नर्सला ऐटीत सांगायचे.

आज तिची उमेदवारीची मुदत संपत होती. ‘‘संध्याकाळी भेट. कायम झालीसच म्हणून समज,’’ असं साहेब म्हणाले होते. काका आजारी, आई थकलेली. ही नोकरी गेली तर घर कशावर चालणार, हा प्रश्न तिला झोपेतही सोडत नव्हता.

आणि त्यात काकांची ही तहान. डायलिसिसच्या माणसाने पाणी मोजूनच प्यायचं असतं. काका इतके कडक शिस्तीचे, पण हल्ली त्यांना राहवतच नव्हतं. परवा न्हाणीघरात नळाखाली ओंजळ धरून घटाघटा पिताना सापडले. ‘‘लाज नाही वाटत काका? लहान आहात का तुम्ही?’’ असं ती त्यांच्यावर ओरडली आणि रागाच्या भरात पान्हा आणून तिने नळाची मूठच काढून घेतली. काका भिंतीकडे तोंड करून झोपले. ती मूठ तेव्हापासून तिच्या पिशवीतच होती.

‘‘घशाला कोरड पडलीय गं,’’ आज मशीनवर पडल्यापडल्या काका म्हणाले.

‘‘झालं सुरू!’’ ती वैतागली. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, ‘‘मलाही बाई हल्ली फार तहान लागते.’’ त्यांच्या शेजारच्या रिक्षावाल्यानेही मान हलवली.

फिटरने तिघांकडे आळीपाळीने बघितलं. एकाला लागली तर हावरटपणा म्हणता येईल. सगळ्यांनाच?

ती धावतच वर्कशॉपात गेली. मशीनमधल्या पाण्यात मीठ किती आहे ते ती मीटरने मोजायची, आणि मीटर बरोबर आहे ना, ते एका बाटलीतल्या ठरावीक खारट पाण्यावर ताडून बघायची. ती बाटली खिडकीत उन्हात होती. झाकण नुसतं वर ठेवलेलं, तोंडाशी मिठाची पांढरी कड.

कॉलेजात बाटली एका तासात संपायची, झाकण कोण लावत बसणार? तीच सवय हाताला लागली होती. इथे मात्र एक बाटली महिनाभर पुरायची. पाणी उडून गेलं, मीठ राहिलं, आणि त्या जास्त खारट पाण्यावर तिने मीटर जुळवला, मीटरवरून सगळी मशीनं. मीटर मीठ कमी दाखवायला लागला, म्हणून मशीनमधलं मीठ वाढत गेलं आणि तेच सगळ्यांच्या रक्तात उतरून तहान लावत होतं. तिने नवी सीलबंद बाटली उघडली, मीटर बुडवला. आकडा बाटलीवर छापलेल्यापेक्षा कमी आला.

झाकण घट्ट लावून गप्प बसता आलं असतं. मीटर, मशीनं सगळं गुपचूप सरळ करायचं आणि संध्याकाळी साहेबांना भेटायचं. कुणाला पत्ता लागणार होता? खोटं कशाला बोला, ती तिथे बराच वेळ उभी राहिली. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग भिंतीकडे तोंड करून झोपलेले काका आले आणि तिला स्वतःचीच किळस आली.

तिने जाऊन सगळी मशीनं थांबवायला लावली आणि साहेबांना बाटली दाखवली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. ‘‘सांगितलंस ते बरं केलंस,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘पण माणसं जोडलेल्या मशीनवर तुला मी ठेवू शकत नाही. वाईट वाटतं.’’

ती काकांच्या खाटेशी आली तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं. तिने सगळं सांगितलं, नोकरीचंही. काकांनी मान तिच्याकडे वळवली.

‘‘म्हणजे माझा मनावरचा ताबा सुटला नव्हता?’’

‘‘नाही हो काका. चूक माझी होती.’’

त्यांनी डोळे मिटले. पाणी कानाकडे ओघळलं. मग त्यांनी चाचपडत तिचा हात धरला.

‘‘फिटर,’’ ते म्हणाले, ‘‘घरी गेल्यावर आधी ती मूठ बसव.’’