लाल झालेला विळा

सुभद्राबाईंच्या संत्र्याच्या बागेत त्या सकाळी फळांपेक्षा माणसं जास्त होती. महिनाभर झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळत होता, पानं पिवळी पडत होती. आणि आता निळ्या तीर्थाची बादली पुढ्यात घेऊन नीळबाबा नावाचा मांत्रिक बसला होता.

"डाकीण झाडाचं रगत पेऊन राहिली!" तो गरजला. "आता पाहा!"

त्यानं सुभद्राबाईंचाच लोखंडी विळा तीर्थात बुडवला, जरा पुटपुटला आणि वर काढला. पातं तांबडंलाल! बायकांनी तोंडाला पदर लावले.

"निंगालं रगत! बाई, हे पानापानावर मारा."

नवऱ्यामागं ही ऐंशी झाडं सुभद्राबाईंनी लेकरांसारखी जपली होती. ती वाचणार असतील, तर त्या डाकिणीच्याही पाया पडल्या असत्या. त्यांनी फवारणीचा पंप पाठीला लावला.

"थांब वं सुभद्रा!" शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या गोपिकाबाई गर्दीतून पुढे आल्या. बाबाच्या या खेळाबद्दल त्यांनी शेजारच्या गावातून कालच ऐकलं होतं. "माह्या कॅलेंडरचे खिळे आणले. त्यात डाकीण आहे का, पाहू."

एक खिळा तीर्थात गेला आणि लाल होऊन आला.

"बाबा, डाकीण कॅलेंडरमागं काहून लपली होती गा?"

पोरं खो-खो हसली. बाबा खोकला.

"हा मोरचूद आहे," गोपिकाबाई म्हणाल्या. "यात तांबं असते. लोखंड बुडवलं का ते त्याच्यावर चढते. अन् असंच फवारशील, त पानं जळतीन."

"मंग औषध खोटं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"औषध खरं, बाबा खोटा. रोग बुरशीचा आहे. मोरचुदाले चुन्याची जोड लागते." त्यांची नजर बाबाच्या खिशाकडे गेली. "तंबाखूची चुनाडबी द्या गा, तुमचंच तीर्थ शुद्ध करू."

पेल्यात थोडं तीर्थ, त्यात चुना. ढवळल्यावर ते आभाळासारखं निळं, ताकासारखं दाट झालं. दुसरा खिळा बुडवला, तो जसाच्या तसा निघाला.

"खिळा लाल झाला त थांबायचं. नाही झाला त वापरायचं. एवढंच शास्त्र!"

बाबाला अचानक दुसऱ्या भक्ताची आठवण झाली. डबी मात्र तिथंच राहिली.

सुभद्राबाईंनी पंप उतरवला. आधी बुंध्याशी साचलेलं, बुरशी वाढवणारं पाणी काढून दिलं. मग त्याच विळ्यानं कुजलेली साल खरवडली आणि मोजून घेतलेल्या मोरचूद-चुन्याचा लेप लावला. पुढच्या बहारात झाडांवर नवी पालवी हसली.

बुरशीला मंत्र ऐकू येत नाही, बाळांनो. म्हणून हात जोडण्याआधी एक खिळा बुडवून पाहावा.