निम्म्याचे निम्मे

तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी दगडखाणीतला पहिला भोंगा झाला. सुरुंग चारला उडणार होता.

मोजणीदार बाईने फळ्याकडे पाहिलं. मुकादमाने खडूने लिहिलं होतं: पहारा अडीचशे मीटरवर.

"मुकादम, हे अडीचशे कुठून आणले?"

"तुमच्याच चिठ्ठीतून, ताई. पाचशे दिलेत, निम्मे केले. अकरा वर्षं निम्मेच करतोय."

तिने वही उघडली. धोक्याच्या वर्तुळाच्या व्यासाच्या दोन टोकांना खांब होते. मोजणीच्या मूळ खुणेपासून पहिला पूर्वेला चाळीस मीटर, उत्तरेला एकशे दहा. दुसरा पूर्वेला सहाशे चाळीस, उत्तरेला नऊशे दहा. फरक सहाशे आणि आठशे. वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ हजार. निम्मे पाचशे. गणित बरोबर होतं. आधीचा मोजणीदार फक्त आरपार माप द्यायचा. तिने त्रिज्या काढून दिली होती, पण चिठ्ठीवर तसं लिहिलं नव्हतं.

"निम्मे मी आधीच केले होते!"

मुकादमाने फळ्यावरचा आकडा हाताने पुसला. "तरीच तुमचे मामा म्हणाले, आज पायपीट कमी, चहा पाजा."

चार पहारेकऱ्यांपैकी पूर्वेच्या रस्त्यावर तिचा मामा होता. दगड चारशे मीटरपर्यंत उडत. तारा जोडल्यावर फोन आणि रेडिओ बंद ठेवावे लागत, नाहीतर त्यांनीच सुरुंग उडण्याची भीती असे. सुरुंगवाल्याची कोठडी खाणीच्या पलीकडे होती. सुरुंगवाल्याला थांबवायला मुकादमाने मोटारसायकल काढली. मोजणीदार बाई मामाकडे पूर्वेला धावली.

मामाने तिला लांबूनच लाल निशाण दाखवलं. माणसं परतवणं हेच त्याचं काम होतं.

"अगं ए शहाणे, मागे हो!"

"मामा, तूच मागे चल! माप चुकलंय!"

"कुणाचं?"

"माझं. म्हणजे मुकादमाचं. चल ना!"

"मुकादम येऊन सांगू दे. त्याच्या शब्दाशिवाय जागा सोडली तर उद्या घरी बसवेल मला. तू हो मागे."

तिने त्याचा दंड धरला. त्याने सोडवून घेतला.

तीन अठ्ठावन्नला दुसरा भोंगा झाला. सुरुंग तिसऱ्याला उडतो. मामा दगडांच्या टप्प्यात उभा होता, ती त्याच्यासमोर. मुकादमाची मोटारसायकल कोठडीच्या अलीकडच्या वळणाआड गेली होती. गाडी वळणाच्या पलीकडे निघालेली अजून दिसली नव्हती.