आरशात अडकलेला सिग्नल

घरात सगळे तिला भोंगा म्हणायचे. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा जिच्या तोंडून आवाज फुटत नसे, ती पोरगी वादविवादात बोलायला लागली आणि मग थांबेचना! नाव अर्थातच आत्याने ठेवलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि सुट्टीही नव्हती.

आज दुपारी ऑनलाइन स्पर्धेची अंतिम फेरी होती. विषय : 'मोठ्यांचंच नेहमी बरोबर असतं.' भोंगा विरोधात. तयारी झकास झाली होती, भीती होती ती घरच्या इंटरनेटची. मागच्या फेरीत तिचं शेवटचं वाक्य परीक्षकांपर्यंत पोचलंच नव्हतं. पडद्यावर ती आ वासून गोठली होती, माशी गिळल्यासारखी. वर्गातल्या टवाळांनी त्या तोंडाचं स्टिकर बनवलं होतं. आज पुन्हा तसं झालं असतं तर स्पर्धाही गेली असती आणि दुसरं स्टिकरही निघालं असतं.

इंटरनेटचा डबा बाबांच्या कामाच्या खोलीत, खिडकीत होता. समोरच्या टॉवरवरून सिग्नल घ्यायचा आणि घरभर वाटायचा, एवढंच त्याचं काम. पण भोंग्याची खोली बोळाच्या वळणापलीकडे. तिथवर येईपर्यंत त्या सिग्नलला धाप लागायची.

"एवढंच ना?" बाबा सकाळी म्हणाले होते. बाबा आरसे बनवत. "दिव्यामागे आरसा ठेवला की उजेड दुप्पट. तू जा शाळेत, मी बघतो."

ती शाळेतून आली तर काय! डब्याच्या चारी बाजूंना चार आरसे, आणि मधोमध डबा स्वतःकडेच बघत बसलेला.

"केस कापायला बसवलाय जसा," आत्या म्हणाली. डब्यावरचा दिवा लालभडक.

"बाबा, सगळंच बंद पडलंय!"

"थोडा वेळ दे गं त्याला. तीस वर्षं आरसे करतोय मी. आरसा काही वाया घालवत नाही, परत पाठवतो."

"तेच तर! टॉवरकडून येणारंही तो परत पाठवतोय. बाहेरून येतंय त्याच्या वाटेतच उभा केलाय तुम्ही!"

"उलट बोलू नकोस."

गेल्या वर्षीची भोंगा इथेच गप्प बसली असती. आजच्या भोंग्याने कमरेवर हात ठेवले. "बाबा, आरशाच्या मागे उभं राहून कुणाला तोंड दिसतं का?"

बाबा वाकून एका आरशाच्या पाठीकडे बघू लागले. आत्या खो खो हसत सुटली. "बोल की रे आता! तुझ्याच आरशात तुला पकडलं पोरीने!"

आरसे हटले तसा दिवा हिरवा झाला. भोंगा फोनवर सिग्नलच्या रेघा बघत आपल्या खोलीकडे पळाली आणि वळणावर तिचं तोंड उतरलं. पलीकडे तीच रड! फेरी सुरू व्हायची वेळ झालेली, आणि कामाच्या खोलीत काचा घासायचं यंत्र घरघरत होतं. मालाची घाई होती, ते बंद करता येईना. म्हणजे तिथे बसून बोलायची सोय नाही.

"बाबा, गिऱ्हाइकाच्या काळोख्या दुकानात ऊन कसं नेता तुम्ही?"

"वळणावर आरसा तिरका..." बाबा थबकले. मग यंत्र मदतनीसावर सोपवून, सर्वांत मोठा आरसा उचलून ते बोळात धावलेच.

तिरका आरसा टेकवायला काही मिळेना, म्हणून बाबाच तो धरून उभे राहिले. आत्या खोलीच्या दारातून भोंग्याच्या लॅपटॉपवरच्या सिग्नलच्या रेघा मोजत कुजबुजत होती, "डावीकडे... अरे, तुझ्या डावीकडे! हं, आता श्वाससुद्धा घेऊ नकोस."

भोंगा बोलली. धडधडत, पण धडाधड. समोरचा मुलगा म्हणाला, "मोठ्यांच्या अनुभवापुढे आपण काय?" त्यावर तिने बोळाकडे एक नजर टाकली. बाबांचं नाक खाजत होतं आणि बाबा ते खांद्याला घासत होते.

"माझ्या बाबांना आरसा कळतो," ती म्हणाली. "सिग्नलसाठी तो कुठे ठेवायचा नाही, हे आज मी सांगितलं, कुठे नि कसा धरायचा, हे त्यांनी दाखवलं. दोघांपैकी एकाचंच बरोबर असतं, तर आत्ता माझं हे शेवटचं वाक्य तुम्हाला ऐकूच आलं नसतं."

क्षणभर पडद्यावर सगळे स्तब्ध. भोंगा पडद्यापाशी वाकली. पुन्हा गोठलं की काय?

मग परीक्षक बाई हसल्या. "आलं बरं का. अगदी ठणठणीत."

थोड्या वेळाने पहिला क्रमांक जाहीर झाला तेव्हा आत्याने टाळ्या पिटल्या. बाबांचे हात मोकळे नव्हते. ते आरसा छातीशी धरून टाळ्यांऐवजी बोळात पाय आपटत होते.