रेडिओतली सरपंचीण

चावडीतला रेडिओ बॅटरीवर चालायचा आणि सरपंच हैबतरावांच्या मर्जीवर. दिवेलागणीला पुरुष ओट्यावर बसून तो ऐकत, बायका खाली चिंचेखाली. रंभाबाई पंचायतीची पंच, पण तीही चिंचेखालीच बसे. कायद्यानं बाई घ्यावी लागते म्हणून तिला घेतलेली. ती सभेला खरंच येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती मात्र दर सभेला आली आणि एकच धोशा लावून बसली, पंचायतीची विहीर वाडीजवळ खणा.

कारण घरातलंच होतं. मागल्या साली पाणी आणताना तिची सून जया नदीच्या उतरणीवर घसरली आणि पोटातलं मूल गेलं. आता जयाला पुन्हा दिवस गेले होते. हैबतरावांना विहीर आपल्या मळ्याच्या कडेला हवी होती, म्हणजे नदीइतकीच लांब. रंभाबाईनं पंचांच्या दारोदार फिरून घसा कोरडा केला. कुशाबा आणि गेणबा हो म्हणाले. पाचांत तीन हात तिच्या बाजूनं झाले. सभा गुरुवारी दुपारी होती.

बुधवारी रेडिओवर श्रुतिका लागली. एक बाई सरपंच होते. मग नवरा चुलीपुढं, पोरं उपाशी, भाकरी करपलेली, आणि बाई नवऱ्यालाच नोटीस काढते. नवरा झालेल्या नटाचं ते खोकणं, फुंकणी हुडकणं असं काही जमलं होतं की चावडी हसून गडबडा लोळली. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. जया हसली. खरं सांगायचं तर रंभाबाईही हसली. शेवटी सरपंचबाई रडत राजीनामा देते आणि म्हणते, चूल हेच माझं राज्य. तेव्हा ओट्यावर टाळ्या पडल्या आणि सगळी तोंडं चिंचेकडे वळली.

गुरुवारी सकाळी तिचा नवरा भिकू रानातून लवकरच परतला.

"वाटंनं समदी इचारत्यात, भाकरी करपली का म्हून," तो म्हणाला. "तू जा सभंला. मी कुटं न्हाई म्हनतोय? पर समद्यांचं जेवान करून जा. माझी शोभा नगं."

भिकू वाईट माणूस नव्हता. लोकांच्या हसण्याला भ्यायचा, एवढंच.

"आत्याबाई, मी थापते भाकरी," जया म्हणाली.

"नगं. तू थापलीस तर म्हनतील, पोटुशी सून राबवती."

रंभाबाई चुलीपुढं बसली. आज कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असा हट्टच धरला तिनं. भाकऱ्या, कालवण, गड्याची न्याहारी, भिकूचं ताट, शेवटी भांडीसुद्धा. मग लुगडं बदलून ती निघाली, तेव्हा दुपार कलली होती.

चावडीच्या पायऱ्यांवरून माणसं उतरत होती.

"या वैनी," हैबतराव म्हणाले. "आमी म्हनलं, घरचं आवरून येतील निवांत. मळ्याकडची जागा ठरली."

"तुमी तर माज्या बाजूनं हुता," ती कुशाबाला म्हणाली.

कुशाबानं मान खाली घातली. "तुमी आसता तर केला आसता हात वर. तुमीच न्हाई, मग आमी कुनासाठी हासं करून घ्यायचं?"

तिला भांडायचं होतं, पण अंगात त्राणच नव्हतं. ती तशीच मागं फिरली.

घरी भिकू ओसरीवर हात धुऊन बसला होता. आज पोटभर जेवलो, म्हणाला. जया घागर घेऊन निघालीच होती.

"ठरली का जागा, आत्याबाई?"

"ठरली. मळ्याकडं." रंभाबाईनं तिच्या कमरेवरची घागर काढून घेतली. "तू बस घरात. आता मी जाईन पान्याला."

त्यानंतर पाण्याच्या सगळ्या खेपा तिच्याच झाल्या. पुढल्या सभेला ती दिसली नाही, तेव्हा चावडीवर लोक म्हणाले, रेडिओ ऐकून बाई सुधारली.