अंडी गार पडताना

गवतातला खळगा अजून गरम होता, आणि त्यात तो नव्हता. काहीतरी चुकलंय हे मला तिथेच कळलं.

मी ईमू बोलतेय. पंख नावापुरते, पळायला मात्र पाय भक्कम. आमच्यात अंडी घातली की मादी निघून जाते. उबवायला बसतो तो नर. एकदा बसला की खाणं नाही, पिणं नाही. मधूनच उठतो, चोचीने अंडी उलटवतो, पुन्हा बसतो. मीही निघूनच गेले असते. पण कुंपण आहे. म्हणून सगळं बघावं लागलं.

सकाळी मालक आले. "दाणे तसेच! पाण्यालाही तोंड नाही. हा काही वाचत नाही." माझ्या नराच्या डोक्यावर पोतं टाकून मालकांनी आणि गड्याने त्याला टेम्पोत चढवलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. "अंड्यांचं नंतर बघू," मालक म्हणाले. हिरवीगर्द अंडी उघडी पडली.

मी खळग्याभोवती फिरत राहिले. उबवायला बसणं माझ्या अंगातच नाही. आहे ती फक्त हाक. गळ्यातली पिशवी फुगते आणि ढोलावर थाप पडावी तसा आवाज निघतो, जमिनीतून गेल्यासारखा. मी हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली. रिकाम्या खळग्याकडे बघून वाटे, तो आहे, मलाच दिसत नाही.

दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मालकांच्या धाकट्या बहिणीचा आवाज आला. भांडं पडलं तरी दचकणारी पोर ती.

"दादा, फरशीखाली काहीतरी वाजतंय."

"काल तुला माळ्यावर पावलं ऐकू आली. मांजर निघालं."

"मांजर ढोल वाजवत नाही, दादा!"

"मग विचार त्याला, सुपारी किती घेतो."

ती उलथनं हातात घेऊन, भिंतीला धरून धरून कुंपणाशी आली. माझा गळा फुगलेला बघून किंचाळलीच. मग तिची नजर अंड्यांवर गेली. आत येऊन तिने एकाला हात लावला, आणि चटकन फोन काढला.

"डॉक्टर, सकाळी आणलेला ईमू... हो, खातच नाही. अंडी? आहेत ना, समोरच आहेत." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. चेहरा उतरला. "दादा, टेम्पो काढ! आजारी कुठला, बाप आहे तो!"

तिने घरातून रजई आणली, अंडी झाकली आणि शेजारी बसली. पान हललं तरी दचकत होती, पण उठली नाही.

माणसांनो, कुणी जेवेनासा झाला तर आधी तो कशावर बसलाय ते बघत जा.

उन्हं उतरली. रजईखाली हात घालून ती पुटपुटली, "गार पडताहेत गं." मी हाक मारत राहिले. अंगण, रस्ता, सगळं मुकं.

मग फाटकाशी टेम्पो थांबला. मी उरलंसुरलं बळ गळ्यात आणून थाप दिली.

ताडपत्रीखालून घोगरी, दमलेली घुरघुर आली. त्याने ओ दिली.