ॲन्सेल्म सरांचा टोस्ट

गास गावात लग्न ठरलं की हॉल आणि ॲन्सेल्म सर ह्या दोन गोष्टी आधी बुक व्हायच्या. केटररचं मग बघू! टोस्ट द्यायचा तो सरांनीच. म्हणजे जेवणाआधी स्टेजवर उभं राहून नवरा-नवरीचं कौतुक करायचं, दोन्ही घरांच्या थोड्या खोड्या काढायच्या, देवाघरी गेलेल्यांची आठवण काढायची आणि शेवटी वाइनचा ग्लास उंचावायचा. ग्लास वर गेला की बँडने ठरलेलं गाणं सुरू करायचं. सरांनी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, तिथे पोरं त्यांना चळाचळा कापायची. पण माइक हातात आला की हाच माणूस अख्खा हॉल हसवायचा.

आणि असा माणूस दोन वर्षांपूर्वी, शेजारच्या मायकलच्या लग्नात, टोस्टच्या मधेच गप्प झाला. गप्प म्हणजे ठार गप्प. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. बँडमास्टर केनीला वाटलं, संपलं वाटतं. त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि बँड दणक्यात सुरू झाला. हशा पिकला, लोकांनी आपले ग्लास उंचावले, आणि सर माइक ठेवून मागच्या दाराने जे गेले ते थेट घरी.

त्या दिवसापासून सरांनी मनाशी पक्कं केलं की आपल्याला विसरायचा रोग जडला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, डोक्याचा फोटोही काढला. सगळं ठणठणीत! तरी सर ऐकतील तर शपथ. टोस्ट बंद, लग्नाला जाणं बंद. दोन वर्षांत अकरा लग्नांची जेवणं बुडाली. बायको ॲनी एकटी जायची आणि ‘सरांना बरं नाही’ असं सांगून सांगून कंटाळायची.

मग ऑगस्टमध्ये पुतणी रोवेना घरी आली. नाताळानंतर तिचं लग्न होतं. तिचा बाप गॉडफ्रे, म्हणजे सरांचा धाकटा भाऊ, मायकलच्या लग्नाच्या दीड महिना आधी वारला होता.

“मोठे पप्पा, टोस्ट तुम्ही द्यायचा,” ती म्हणाली.

“मला जमणार नाही, बाळा. दुसऱ्या कोणाला सांग.”

“दुसरं कोणी नाही. तुम्ही दिलात तर ठीक, नाहीतर माझ्या लग्नात टोस्टच नाही.”

बापासारखीच हट्टी पोर. तोंडातून एकदा निघालं की निघालं! सर रात्रभर कूस बदलत राहिले. बाप नसलेल्या पोरीच्या लग्नात टोस्टही नाही, आणि तेही आपल्यापायी? सकाळी ॲनीने चहाबरोबर एक फोन नंबर पुढे ठेवला.

“नायगावला जागृती मॅडम आहेत. मनाचे उपचार करतात. जाऊन बघा, मास्तर. तुम्हांला खाणार नाहीत त्या.”

सर गेले. गावात मात्र सांगितलं की दाताच्या डॉक्टरकडे जातो. आता दर बुधवारी, पाच महिने, कोणाचे दात दुखतात? आणि दुखतात तर तोच माणूस रविवारी मटणाची हाडं कशी फोडतो? पण गावाने तोंडावर कधी विचारलं नाही.

जागृती खाडीकाठच्या शेतकरी घरातली, पस्तिशीची, साधा कुर्ता घातलेली. नव्या टॉवरमध्ये दुसऱ्या मजल्यावर तिची छोटी खोली होती. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा जग. सरांनी पहिल्याच दिवशी नवी कोरी वही काढून वर तारीख घातली, समास आखला. पण अभ्यासक्रमाचा काही पत्ता लागेना. पहिल्या बुधवारी तिने त्यांना नुसता श्वास सोडायला शिकवलं. दुसऱ्या बुधवारी डोक्यात येणारे विचार लिहून काढायला लावले, आणि प्रत्येकापुढे ‘पुरावा काय?’ असा प्रश्न. तिसऱ्यांदा घरचा अभ्यास दिला: वाडीत जाऊन केळीच्या झाडांसमोर टोस्ट म्हणायचा. चौथ्यांदा ती त्यांच्या लहानपणात शिरली. वडील कसे होते, घरात रडायची मुभा कोणाला होती, कोणाला नव्हती.

पाचव्या बुधवारी सरांचं डोकं फिरलं.

“मॅडम, एक काय ते ठरवा! आज श्वास, उद्या बालपण, परवा केळी. एका गणिताला एक रीत असते. तुमची रीत कोणती?”

जागृती रागावली नाही. “सर, वर्गात तुम्ही सगळ्यांना एकाच रीतीने शिकवायचात?”

“अर्थात!” सर म्हणाले. मग थांबले. सर खोटं बोलणारे नव्हते, दातांचं सोडून. “तसं... एक केनी होता. आमचा आताचा बँडमास्टर. पाढे म्हणजे त्याला विषासारखे. फळ्यावर नाही, चिंचोक्यांनी नाही, छड्या खाऊनही नाही. शेवटी मी त्याला बाकावर ठेका धरून पाढे म्हणायला लावले. पंधरा दिवसांत तीसपर्यंत पाठ.”

“म्हणजे केनी बघून रीत बदललीत.”

“हो, पण गणित तेच होतं.”

“माझंही तेच आहे, सर. तुमच्यासाठी काय चालतं ते शोधतेय. एका रीतीने थोडं जमतं, दुसरीने थोडं. मी आंधळेपणाने नाही करत. काय चाललं, काय नाही, दर वेळी तुम्हांलाच विचारते की नाही?”

विचारत होती खरी. सरांनी वहीत लिहिलं: ‘केनीची रीत’. आणि मग निमूट पुढे गेले. श्वास जमला, केळींसमोर टोस्ट जमला, मग ॲनीसमोरही जमला. फक्त एका वाक्याशी गाडी अडायची. तेच वाक्य, जिथे मायकलच्या लग्नात अडली होती: ‘आणि जे आज आपल्यात नाहीत...’

नोव्हेंबरात जागृती म्हणाली, “सर, आज इथे उभे राहून म्हणा. सुरुवातीपासून. मी पाहुणी.”

सर उभे राहिले. बोलता बोलता रंगले, जागृती खळखळून हसली. मग ते वाक्य आलं आणि सर थांबले.

“थांबा, बोलू नका,” जागृती हळूच म्हणाली. “सर, तुमचा उजवा हात बघा. कुठे चाललाय?”

सरांनी पाहिलं. उजवा हात बाजूला, कमरेच्या उंचीवर, तळवा वर करून कोणाकडे तरी पसरलेला होता. तिथे कोणी नव्हतं.

“ग्लास,” सर म्हणाले आणि खुर्चीत बसले.

गॉडफ्रे! तीस वर्षं प्रत्येक टोस्टला तो त्यांच्या उजवीकडे उभा असायचा. ह्या वाक्याला भरलेला ग्लास त्यांच्या हातात द्यायचा, आणि देताना कानाशी पुटपुटायचा, “आवर आता, दादा. मटण थंड होतंय.” दर लग्नात तेच. गॉडफ्रे गेला तेव्हा सरांनी शवपेटी ठरवली, फादरांशी बोलले, कबर बघून आले, आल्यागेल्याला चहा दिला. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. कारण थोरल्याने रडायचं नसतं, असं वडिलांनी शिकवलेलं. चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा झाली, पंधरा दिवसांनी मायकलचं लग्न आलं, आणि हात सवयीने ग्लास घ्यायला गेला.

नायगावच्या त्या दुसऱ्या मजल्यावर ॲन्सेल्म सर ओक्साबोक्शी रडले. चांगले अर्धा तास. जागृतीने जगमधलं पाणी ग्लासात ओतून टेबलावर ठेवलं, पण हातात दिलं नाही. सर ते स्वतः उचलून प्याले.

“मी विसरलो नव्हतो,” शेवटी ते म्हणाले.

“नाही. तुम्हांला भाऊ आठवत होता,” जागृती म्हणाली.

मग प्रश्न आला, लग्नात काय करायचं? ॲनीने ग्लास द्यावा, असं जागृतीने सुचवलं. सरांनी मान हलवली. “नको. तिथे आल्यावर मी थांबणार. मुद्दाम थांबणार. हात जाईल तिथे जाऊ दे.”

“आणि बँड?”

“बँडचं मी बघतो,” सर म्हणाले.

लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा छान झाली. संध्याकाळी हॉल खचाखच भरला. सर स्टेजवर चढले तेव्हा कुजबुज थांबली; मायकलच्या लग्नातले सगळेच तिथे होते ना! ॲनीने पर्स घट्ट धरली. सरांनी एक लांब श्वास सोडला आणि सुरू केलं. नवऱ्याच्या टक्कल पडत चाललेल्या डोक्यावर एक कोपरखळी, रोवेनाच्या स्वयंपाकावर दोन. हॉल हसू लागला. ॲनीची पर्स सैल झाली.

“आणि जे आज आपल्यात नाहीत...”

सर थांबले. उजवा हात बाजूला गेला आणि तिथेच राहिला. रिकामा. पाच सेकंद, दहा सेकंद. पहिल्या रांगेत कोणीतरी हळहळलं. बँडजवळ केनीने, बिचाऱ्याने सरांची लाज राखावी म्हणून, क्लॅरिनेट ओठाला लावलं.

“थांब, केनी!” सर वर्गात ओरडायचे तसे ओरडले. “माझं संपलेलं नाही.”

पन्नाशीच्या केनीने क्लॅरिनेट झटकन मांडीवर ठेवलं.

“गेले पाच महिने,” सर माइकमध्ये म्हणाले, “मी दाताच्या डॉक्टरकडे जातो असं तुम्हांला सांगितलं. ते खोटं. माझे दात चांगले आहेत, जेवताना बघालच. मी मनाच्या उपचाराला जात होतो. तिथे मला कळलं की मायकलच्या लग्नात मी काही विसरलो नव्हतो. माझा हात माझ्या भावाला शोधत होता. इथे उभा राहून गॉडफ्रे मला ग्लास द्यायचा. आता तो नाही. मला त्याची फार आठवण येते. एवढंच सांगायला मला दोन वर्षं लागली.”

बोलताना आवाज फाटला, डोळे वाहिले, आणि सरांनी ते वाहू दिले. हात तसाच पसरलेला.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पांढरा झगा दोन्ही हातांनी सावरत रोवेना उठली. टेबलावरचा भरलेला ग्लास तिने घेतला, सरांच्या उजवीकडे येऊन उभी राहिली आणि ग्लास त्यांच्या हातात ठेवला. मग टाचा उंचावून तिने तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

“आवरा आता, मोठे पप्पा,” ती पुटपुटली. “मटण थंड होतंय.”

सरांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. “तुला गं कसं ठाऊक?”

“लहानपणी पप्पांचा कोट धरून मीच शेजारी उभी असायचे ना. दर वेळी ऐकायचे.”

सर रडता रडता एवढ्या मोठ्याने हसले की माइक किंचाळला. मग त्यांनी ग्लास हात जाईल तेवढा वर धरला.

“गॉडफ्रेच्या मुलीला आणि जावयाला!” ते म्हणाले, आणि बँडकडे वळले. “हां केनी, आता वाजव.”