रिळातली काळी छत्री

मी एक जुनं फिल्मचं रीळ आहे, आणि मित्रांनो, रागानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे!

आमच्या वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे जाडजूड, पाठीला शिवून बांधलेले गठ्ठे होते. जागा पुरेना. मग कॅमेऱ्यानं पानापानाचा इवलासा फोटो काढला आणि अख्खं वर्ष माझ्या पोटात गुंडाळलं. काय माझं कौतुक झालं! "कागद कुजतो, फिल्म कुजत नाही," असं म्हणून तेव्हाच्या ग्रंथपालांनी त्या वर्षाचे सगळे खरे अंक रद्दीत घातले. मला कोणी विचारलं? विचारलं असतं तर सांगितलं असतं, की घाईघाईत शिवणीजवळचा भाग अंधारात गेला आहे, आणि रंग तर मला कळतच नाहीत.

आज माझ्याच अंगाला आंबूस वास येतो. म्हणे कुजत नाही!

परवा एक आजी नातीला घेऊन आल्या. त्यांचे वडील माझ्या पोटातल्या वर्तमानपत्रात दर रविवारी छत्रीवाल्या मुंगीचं चित्र काढायचे. नव्या ग्रंथपालांनी मला यंत्रावर चढवलं. पडद्यावरच्या काळ्या छत्रीकडे आजी बघतच राहिल्या.

"छत्री लाल होती हो! बाबांच्या मांडीवर बसून रंग मीच निवडायचे. आणि त्यांची सही कुठे गेली?"

"फिल्ममध्ये एवढंच आलंय, आजी."

"मग खरा अंक दाखवा."

"तो केव्हाच रद्दीत गेला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाराशी ढकलगाडीवर त्याच वर्तमानपत्राचे, माझ्यानंतरच्या वर्षाचे गठ्ठे होते. आता त्यांची पाठ कापणार, सुट्या पानांचे फोटो संगणकात घालणार आणि कागद पुन्हा रद्दीत! पुढच्याला ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात. इथे मागचाही त्याच दगडावर आपटतो!

नातीनं वरचा गठ्ठा उघडला आणि ती ओरडली, "आजी, लाल!"

पान पिवळं पडलं होतं, पण छत्री लालभडक होती. शिवणीजवळ सहीसुद्धा होती. आजींनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"हे कापणार तुम्ही?"

"फोटो राहील ना, आजी."

"आमच्या ह्यांचाही फोटो आहे भिंतीवर. म्हणून काय ह्यांना घराबाहेर काढलं मी? बसलेत घरी, चहाची वाट बघत!"

ग्रंथपाल हसले, पण 'ठेवतो' काही म्हणाले नाहीत. गाडी अजून दाराशीच उभी आहे.

मित्रांनो, फोटो हवे तेवढे काढा, पण कागद जपा. ती गाडी गेली, तर मुंगीबद्दल विचारायला फोटोच उरतील. आणि मला विचाराल, तर मी शपथेवर सांगेन, छत्री काळी होती.